डोलकाठीखालची कूज आणि पावसाचे पाणी : नौकेच्या बैठकीपासून वाड्याच्या तळखड्यापर्यंत

बीजसंज्ञा : डोलकाठी, बैठक, कूज, कवक, सागवान, तळखडा

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे शिडाच्या नौकेची डोलकाठी कशावर उभी असते आणि ती जागा का कुजते, हा प्रश्न येथील वाचकाला परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लाकूड, भार आणि पाणी हे तिन्ही एकाच ठिकाणी एकत्र आले म्हणजे जे घडते, ते समुद्रावर घडते तसेच विदर्भातील जुन्या कौलारू घरातही घडते. नौकेवर त्याचे परिणाम अधिक लवकर आणि अधिक भयंकर स्वरूपात दिसतात, एवढाच फरक. म्हणून या प्रश्नाचा विचार नौकेपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

लाकडी नौका समुद्राच्या पाण्याने कुजते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बव्हंशी चुकीचा आहे. डोलकाठीखालची कूज प्रायः पावसाच्या पाण्यामुळे होते, आणि ती होण्याचे कारण पाणी आत शिरले हे नसून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, हे असते. प्रस्तुत लेखात या विधानाची कारणमीमांसा करून त्यावरील उपायांचा परामर्श घेतला आहे.

डोलकाठीची बैठक

डोलकाठी उभी करण्याच्या दोन पद्धती आहेत. पारंपरिक पद्धतीत ती वरच्या तक्तपोशीला पाडलेल्या भोकातून आरपार खाली जाते आणि नौकेच्या तळाच्या कण्यावर बसविलेल्या एका जाड ओंडक्यात तिचा बुंधा रोवला जातो. बुंध्याला खाली अरुंद टोक ठेवलेले असते. सुतार त्याला कुसू म्हणतात. ओंडक्यात कोरलेल्या खाचेत हे कुसू बसते. दुसऱ्या पद्धतीत डोलकाठी तक्तपोशीवरच, धातूच्या किंवा लाकडाच्या बैठकीवर उभी असते आणि तिचा भार खालच्या एका खांबामार्फत कण्यापर्यंत पोहोचविला जातो. लहान आकाराच्या अनेक आधुनिक नौकांत ही दुसरी पद्धत आढळते.

या बैठकीवर पडणारा भार केवळ डोलकाठीच्या वजनाचा नसतो. डोलकाठी दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून दोरांनी किंवा तारांनी ताणून धरलेली असते. वारा शिडात भरला की वाऱ्याच्या बाजूच्या तारांवरील ताण वाढतो. तार नौकेची कड वर ओढते, आणि तेवढ्याच जोराने डोलकाठी खाली दाबली जाते. धनुष्याला बाण लावून प्रत्यंचा ओढावी तशी ही रचना आहे. नौकेचे अंग हे धनुष्य, तारा ही प्रत्यंचा आणि डोलकाठी हा बाण. जोराच्या वाऱ्यात हा दाब नौकेच्या एकूण वजनाएवढा किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. तो पेलणारी जागा मात्र हात-दोन हात लांबीच्या लाकडाची असते. ती जागा खचली की तारा सैल पडतात, सैल तारांत डोलकाठी हिसके खाऊ लागते, आणि हिसक्यांनी तारांच्या बांधणीचे सांधे तुटतात. बैठकीतील कूज ही अशा रीतीने संपूर्ण डोलकाठी गमावण्यास कारण होऊ शकते.

भर समुद्रात डोलकाठी गमावणे म्हणजे काय, याचे अलीकडचे उदाहरण भारतीय वाचकांच्या स्मरणात असेल. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली. त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली, आणि 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका करेपर्यंत तीन दिवस गेले. तेथे कारण वादळ होते, कूज नव्हे. परंतु वादळ नसतानाही कुजलेली बैठक तोच प्रसंग ओढवू शकते.

कूज होते म्हणजे काय होते

लाकूड आपोआप कुजत नाही. कवकांच्या काही जाती त्यावर उपजीविका करतात, तिला आपण कूज म्हणतो. कवकाला चार गोष्टी लागतात : अन्न, उबदार तापमान, प्राणवायू आणि पाणी. अन्न म्हणजे स्वतः लाकूडच. तापमानाचा विचार केला तर साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस हा बहुसंख्य जातींना मानवणारा पल्ला आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तो जवळजवळ वर्षभर असतो. उरले प्राणवायू आणि पाणी. मनुष्याच्या हातात काही असेल तर ते या दोहोंबाबतच.

लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी राहिले तर कवक वाढत नाही. ते सुमारे ३० टक्क्यांच्या आसपास गेले म्हणजे लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात, आणि त्यापुढे मोकळे पाणी पोकळ्यांत साचू लागते. येथे कूज सुरू होते. याच्या उलट टोकाला, लाकूड पाण्यात पूर्ण बुडून सर्व पोकळ्या भरल्या तर प्राणवायू संपतो आणि कूज पुन्हा थांबते. म्हणजे सदैव कोरडे लाकूड टिकते, सदैव बुडालेले लाकूडही टिकते. मरते ते मधले. ओले होणारे, अर्धवट वाळणारे आणि पुन्हा ओले होणारे.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या गाळात १९६२ साली ब्लॅकफ्रायर्स येथे सापडलेले रोमन जहाज हे याचे उत्तम उदाहरण आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या जहाजाची डोलकाठीची बैठक शाबूत होती, आणि तिच्या खाचेत सम्राट डोमिशियनचे एक कांस्य नाणे ठेवलेले आढळले. डोलकाठी रोवताना तिच्याखाली नाणे ठेवण्याची ही प्रथा आपल्याकडील पायाभरणीच्या वेळी नाणे ठेवण्याच्या रिवाजाशी किती जुळते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, वापरात असताना जी जागा सर्वांत आधी कुजण्याची भीती, तीच जागा प्राणवायूविरहित गाळात अठराशे वर्षे टिकली.

बैठकीच्या ठिकाणी कूज विशेषत्वाने का होते, याचे उत्तर लाकडाच्या रचनेत आहे. झाडाच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या उभ्या असतात. फळीच्या पृष्ठभागातून पाणी सावकाश शिरते, परंतु आडव्या कापलेल्या टोकातून, जेथे या नळ्यांची तोंडे उघडी असतात तेथून, ते कितीतरी पट वेगाने शोषले जाते. डोलकाठीचा बुंधा हे असेच उघडे टोक आहे. कंदिलाच्या वातीप्रमाणे ते पाणी वर खेचते. त्यातच खाच आणि कुसू यांमधील फट केसाएवढी बारीक असल्यामुळे केशाकर्षणाने पाणी तेथे धरून ठेवले जाते, आणि वरील दाबामुळे तेथे वारा पोहोचत नाही. प्राणवायू मात्र कवकाला पुरेल एवढा असतोच.

तपकिरी कूज नावाच्या प्रकारात कवक लाकडातील सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. लाकूड तपकिरी होते आणि त्यावर चौकटीसारख्या आडव्या-उभ्या भेगा पडतात. पांढऱ्या कुजीत लिग्निनही नष्ट होते. यांपैकी तपकिरी कूज अधिक धोक्याची, कारण वजनात जेमतेम दशांश घट झालेली असतानाच लाकडाचे आघात सोसण्याचे बळ निम्म्याहून अधिक घटलेले असू शकते. वरून रंग शाबूत आणि आत भुसा, अशी स्थिती होते. इंग्रजी परंपरेत तिला कोरडी कूज म्हणण्याची पद्धत पडली, ती कुजलेले लाकूड हातात कोरडे भुगा होते म्हणून. पाण्यावाचून ती होते असा अर्थ त्यातून काढणे चूक आहे.

खारे पाणी आणि गोडे पाणी

मिठामुळे लोणचे टिकते तसेच काही प्रमाणात लाकूडही टिकते. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे लाकूड कुजविणाऱ्या बहुतेक कवकांची वाढ मंदावते. पाश्चात्त्य देशांतील जुने जहाजबांधणारे फासळ्यांमधल्या पोकळ्यांत जाडे मीठ भरीत असत, ते याच अनुभवातून. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे हा वेगळा शत्रू आहे आणि तो पाण्याखालच्या फळ्यांवर चालून येतो. डोलकाठीची बैठक नौकेच्या आत असल्यामुळे त्याचा तिच्याशी संबंध नाही.

बैठकीकडे येणारे पाणी आकाशातून येते. उंच डोलकाठीवर पडलेला पाऊस तिच्या अंगावरून ओघळत थेट खाली उतरतो. तक्तपोशीच्या भोकाभोवती कॅनव्हासची पट्टी आवळून बांधलेली असते, परंतु डोलकाठी सतत किंचित हलत असल्याने ती पट्टी कालांतराने गळतेच. धातूच्या पोकळ डोलकाठीत तर दोर बाहेर पडण्याच्या चिरांतून पाणी आतच शिरते आणि तळाशी साचते. शिवाय नौकेच्या आतील दमट हवेचे दव थंड धातूवर जमते, तेही खाली जाते. कोकणातील मच्छिमार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, डोलकाठी उतरवून, नारळाच्या झापांनी शाकारून ठेवीत आले आहेत. नारळी पौर्णिमेपर्यंतची ही विश्रांती खवळलेल्या समुद्रामुळे असली, तरी लाकडाचे गोड्या पाण्यापासून रक्षण हे तिचे मोठे फळ आहे. कोरड्या दिवसांत लाकडाला माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल देण्याची रीतही याच जाणिवेतली.

मुंबईचे सागवान

कुजीचा प्रश्न एकेकाळी साम्राज्याच्या चिंतेचा विषय होता. ब्रिटिश नौदलाचे 'क्वीन शार्लट' हे ओकचे जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरले आणि सेवेत दाखल होण्यापूर्वीच इतके कुजले, की वनस्पती व कवके यांचे अभ्यासक जेम्स सॉवर्बी यांना जहाजावरील कवकांची पाहणी करण्यास पाचारण करावे लागले. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर सागवानाची जहाजे बांधीत होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून ही परंपरा सुरू झाली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले, आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे.

सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी कवक व कीटकांना प्रतिकूल द्रव्ये आणि पाणी झिडकारणारा तेलकट, रबरसदृश अंश असतो. मात्र हा गुण गाभ्याचाच. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी इतर लाकडासारखाच कुजतो. विदर्भातील बल्लारपूर, आलापल्लीच्या सागवानाला मोठा लौकिक आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारपूरहून गेले. तरीही लाकूड सागाचे आहे एवढे ऐकून निश्चिंत होणे इष्ट नाही. जातीपेक्षा त्यातील फिकट भाग किती, हे पाहणे अधिक उपयोगी.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ज्या नौकेतून एकट्याने आणि कोठेही न थांबता पहिली जगप्रदक्षिणा केली, ती ३२ फुटांची 'सुहेली' मुंबईत कुलाब्याच्या कारखान्यात सागवानात बांधलेली होती. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात, अटलांटिक महासागरात, तिच्या कण्यालगतच्या फळ्यांची फट उघडून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः बुडी मारून ती कापूस ठासून बुजविली. डोलकाठी कणा खाली दाबते आणि तारा दोन्ही कडा वर ओढतात, हे ध्यानात घेतले म्हणजे शिडाच्या लाकडी नौकेत कण्यालगतचे सांधे नाजूक का ठरतात हे समजते.

पाण्याला वाट देणे

लाकडी बैठकीच्या प्रतिबंधात्मक उपायांत सर्वांत महत्त्वाचा उपाय सर्वांत साधा आहे. खाचेच्या तळापासून ओंडक्याच्या बाजूस उतरते भोक पाडावे, म्हणजे आलेले पाणी साचत नाही. बोटाएवढ्या जाडीचे हे भोक ज्या बैठकीत नाही, तिला कितीही रंग दिला तरी ती फार काळ टिकण्याची अपेक्षा धरता येत नाही. कुसू खाचेच्या तळापेक्षा किंचित आखूड ठेवावे. भार बुंध्याच्या खांद्यांवर पडावा, टोकावर नव्हे. ओंडका कण्याच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापेक्षा उंच आणि तीन-चार फासळ्यांवर पसरलेला असावा, म्हणजे भारही वाटला जातो आणि हवाही खेळते. फासळ्यांच्या तळाशी पाणी पंपाकडे वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके केस, भुसा आणि दोऱ्याच्या तुकड्यांनी बुजतात. ती वर्षातून एकदा तरी मोकळी करणे आवश्यक असते, आणि नेमके हेच काम टाळले जाते.

सांध्यांत पूर्वी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर भरीत असत. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो कवकाला मारक, तसाच मनुष्यालाही घातक असल्याने आता त्याचा वापर इष्ट मानला जात नाही. त्याऐवजी बोरॅक्स व बोरिक अॅसिड यांचे द्रावण वापरतात. ते ओलसर लाकडात खोलवर पसरते हा त्याचा गुण, आणि पावसाने धुऊन जाते हा दोष. त्यामुळे नौकेच्या आतील, पाऊस थेट न पडणाऱ्या भागातच त्याचा उपयोग.

गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेचा गाभा लाकडी पट्ट्यांचा असून त्यावर काचतंतू आणि रेझिन यांचे थर आहेत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये याच नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. याच कारखान्यातील 'तारिणी'वरून भारतीय नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये पृथ्वीला फेरी घातली. अशा बांधणीत लाकूड दोन्ही बाजूंनी झाकलेले असल्याने ते उत्तम टिकते, परंतु आवरणाला छिद्र पडले की संकटही तेवढेच मोठे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाटच नसते. ज्या नौकांची डोलकाठी तक्तपोशीवर उभी असते, त्यांत बैठक घट्ट करणाऱ्या स्क्रूची भोके हीच पाणी शिरण्याची ठिकाणे होत.

यावर उपाय असा : स्क्रूच्या गरजेपेक्षा मोठे भोक पाडून आजूबाजूचा गाभा कोरून काढावा, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावी आणि ती कठीण झाल्यावर तिच्यातच स्क्रूचे नवे भोक घ्यावे. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. नवी नौका असेल तर बैठकीखाली मऊ गाभा ठेवूच नये. तेथे भरीव काचतंतूचा थर द्यावा. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी ओतून ते 'पुन्हा घट्ट' करण्याचा मार्ग सोपा म्हणून लोकप्रिय आहे. मात्र ओल्या लाकडात ते पुरेसे शिरत नाही, ओल आतच कोंडली जाते आणि भार पेलणाऱ्या जागी असा विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. पोकळ धातूच्या डोलकाठीच्या बुडाशीही पाणी निघून जाण्याचे भोक हवे, आणि ते बैठकीच्या कडेने बुजलेले नाही ना, हे पाहावे.

बिघाडाची लक्षणे बहुधा आधीच दिसतात. तारा पुनःपुन्हा सैल पडतात. तक्तपोशीला डोलकाठीभोवती उथळ खळगा पडतो. खालच्या खोलीचे दार चौकटीत अडकू लागते, कारण चौकट दबलेली असते. स्क्रूभोवती तपकिरी ओघळ दिसतात. लाकडी हातोडीने ठोकले असता निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले भद्द.

तळखडा

विदर्भातील जुन्या वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीत रोवीत नसत. त्याखाली घडीव दगड असे. त्यास तळखडा म्हणतात. जमिनीची ओल दगडापाशी थांबते, खांबाच्या बुंध्याचे उघडे टोक भुईपासून वर राहते आणि दगडाच्या माथ्यावर आलेले पाणी कडेने गळून जाते. नौकेच्या बैठकीत खाचेचे भोक जे कार्य करते, तेच येथे दगडाच्या उंचीने साधते. वर्ध्याच्या परिसरात वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात कडक ऊन असते. ओले-कोरडे होण्याचे चक्र येथेही चुकत नाही.

हे खांब आज कुजताना दिसतात, ते बहुधा दुरुस्तीनंतर. पिपरी मेघेसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत रस्त्यांची पातळी वाढली की घरात पाणी येऊ नये म्हणून जमीन भराव घालून उंचावतात आणि वर नवी फरशी बसवितात. तळखडा त्याखाली गाडला जातो, आणि खांबाचा बुंधा सिमेंटच्या कड्यात अडकतो. कोणी मजबुतीसाठी मुद्दाम खांबाच्या पायथ्याशी सिमेंटची गच्ची बांधतात. सिमेंट लाकडाला चिकटून राहत नाही. लाकूड आक्रसते, केसाएवढी फट पडते, आणि फरशी धुण्याचे पाणी त्या फटीत उतरून तेथेच राहते. शंभर वर्षे टिकलेला खांब मग काही थोड्या पावसाळ्यांत पोकळ होतो, आणि वर रंग असल्याने ते कोणाला कळत नाही.

अशा घरात जमीन उंचावणे अटळ असेल तर खांबाभोवती चार बोटे मोकळी जागा सोडून तेथे उतार द्यावा, किंवा खांबाला तात्पुरता टेकू देऊन त्याखाली उंच नवा दगड बसवावा. बुंधा कुजलाच असेल तर कुजलेल्या भागाच्या वर किमान हातभर निरोगी लाकडापर्यंत कापून सागाच्या गाभ्याचा नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. सांध्याचा उतार बाहेरच्या बाजूस असावा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही, आणि नव्या तुकड्याचे खालचे टोक दगडावर ठेवण्यापूर्वी जवसाच्या तेलात पुरते भिजवून घ्यावे.